‘बारीक छर्रो’ म्हणजे खेळणं नव्हे!

मंडळी, चोरीचा विषय निघाला की आपल्या मिठबावात कोणीतरी हमखास म्हणतो, “बंदुकीत बारीक छर्रो भरून ठेवायचो. चोर पळतलो, मरूचो नाय.” स्पष्टच बोलतो, हे वाक्य एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार.

वर पुरावा म्हणून मोबाईलवरचे अमेरिकन व्हिडिओ दाखवतात. १० टक्के जिलेटिनचा थंडगार ठोकळा, त्यावर बारा बोअरचा बार. तिथल्या एफबीआयचा निकष असा की गोळी ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरली पाहिजे. बारीक छर्रे साधारण ४ ते ६ इंचांवर थांबतात. म्हणजे नापास! मग आपले लोक म्हणतात, बघा, बारीक छर्रो निरुपद्रवी.

अरे बाबांनो, नापास याचा अर्थ हल्लेखोर नक्की थांबेल याची खात्री नाही, एवढाच. माणसाचं काळीज छातीत ४ इंच आत तरी असतं काय? त्यात जेल म्हणजे नुसत्या मांसाची नक्कल. त्यात हाड नाही, कातडी नाही, अंगावरचा शर्ट नाही.

दुसरी थाप, “छर्रो पसारता, नेम नको.” खोलीतल्या आठ-दहा फुटांवर छर्रे जेमतेम तळहाताएवढे पसरतात. नेम चुकला तर सगळाच बार चुकला. आणि नेम बसला तर ती एकच भलीमोठी जखम.

मग एलजी, एसजी भरायचं? ते आठ-नऊ मिलिमीटरचे छर्रे जेलमध्ये फूटभर सहज जातात. चिरा अडवील, पण दाराची फळी, खिडकी, पडवीचा पत्रा अडवणार नाही. पलीकडे कोण झोपलंय, ते अंधारात कळतं का? डुक्कर समजून माणसावरच बार काढल्याच्या बातम्या कोकणात आपण वाचतोच ना?

कायदाही नीट वाचा. शस्त्र कायदा १९५९, कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी नळीची बंदूक, दोन्हींची सोय आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क देत नाहीत. “बारीक होतो” म्हटलं म्हणून कोर्ट सोडणार नाही.

मी बंदुकीच्या विरोधात नाही. वांदर आणि डुक्कर बागेची काय दशा करतात ते मला सांगू नका. पण परवाना देताना कागद तपासतात तसं ज्ञानही तपासा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली शक्तिमान काडतुसं आपल्याकडे मिळतात. तीच काडतुसं, तेच जेल, आपल्या घरासारखं दार आणि पत्रा मांडून पोलिसांनी तालुक्याला एकदा प्रात्यक्षिक दाखवावं. नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येकाने ते बघितलंच पाहिजे.

तोवर परवानाधारकांनो, बंदूक रिकामी, कुलपात. काडतुसं वेगळी, पोरांच्या हाताबाहेर. चोर आला तर दिवा लावा, बोंब मारा, ११२ लावा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो.