ऊब आणि सावली

घरातील कोंबडी खुडूक बसली म्हणजे तिचे वर्तन कसे पालटते, हे आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नकोच. पिसे फुगवून ती टोपलीत बसते, हात पुढे केला की चोच मारते, घाईघाईने उठून चार दाणे टिपते आणि पुन्हा जागेवर येते. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडतात. या एकवीस दिवसांत ती नेमके काय करते, असे विचारले तर ‘अंड्यांना ऊब देते’ हेच उत्तर कोणीही देईल. उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे सुरत जिल्ह्यातील पलसाण्याच्या उघड्या शेतांत, ऐन वैशाखात पाहावयास मिळते. ते नीट उमजावे म्हणून आम्ही वाचकांस प्रथम थंड डोंगरांतील अरण्यांकडे नेत आहोत.

पाखराच्या अंड्यातील जीव सुमारे ३७ ते ३८ अंश सेल्सिअस उष्णतेत उत्तम वाढतो. उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास उतरली की वाढ थबकते. हिमालयात उंचावर देवदार आणि बुरांस यांची जी वने आहेत, तेथे वसंत ऋतूतही रात्री गारठा असतो व अवेळी बर्फ पडते. उत्तराखंडाने राज्यपक्षी म्हणून मान दिलेला मोनाल याच प्रदेशातला. त्याचा नर मोरासारखा झळझळीत. मादी मात्र मातकट. झुडपाच्या किंवा खडकाच्या आडोशाला जमीन उकरून ती अंडी घालते व सुमारे चार आठवडे एकटीच बसते. नवरोजी या कामी काडीचीही मदत करीत नाहीत!

याहून कठीण प्रसंग कॅनडातील सूचिपर्णी अरण्यांत ‘कॅनडा जे’ नावाच्या राखी पाखराच्या वाट्याला येतो. हे पाखरू आपल्या कावळ्याच्या कुळातले. हिवाळा सरण्याची वाट न पाहता फेब्रुवारी-मार्चमध्येच ते घरटे बांधते. बाहेर पारा शून्याखाली वीस अंश असला, वरून हिम पडत असले, तरी मादी अठरा-एकोणीस दिवस सहसा जागा सोडीत नाही. नर तिला तेथेच अन्न आणून भरवितो. घरट्याला आतून पिसांचे व सुरवंटांच्या कोशांचे जाड अस्तर असते. खाली अस्तर, वर आईचे अंग, आणि मधोमध अंडी. उबविण्याच्या दिवसांत बहुतेक पक्ष्यांच्या पोटाची पिसे गळून तेथे कातडी उघडी पडते, तिच्यातील रक्तवाहिन्या वाढतात आणि ती गरम कातडी थेट अंड्यांना टेकते. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून पाहिल्यास हे कोणालाही कळेल, चोचीचा प्रसाद सोसण्याची तयारी मात्र हवी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थंडीत आई थोडा वेळ उठून गेली तर अंडे निवते, आतील वाढ मंदावते. ती परत येऊन बसली की बहुधा वाढ पुन्हा सुरू होते. गारठा अंड्याला काही काळ सोसतो. उष्णता तशी सोसत नाही. चाळीस अंश ओलांडले की धोका सुरू होतो आणि आणखी तीन-चार अंश चढले तर आतला जीव थोड्या वेळात संपतो. म्हणजे बर्फाच्या राज्यात आईची गैरहजेरी जितकी घातक, त्याहून ती तापलेल्या मैदानात अधिक घातक आहे. पुष्कळांस हे उलटे वाटेल.

आता पलसाण्यास येऊ. हा उसाचा मुलूख. तापीवरील काकरापार बंधाऱ्याच्या कालव्यांनी आणि पुढे १९७२ साली पुऱ्या झालेल्या उकाई धरणाने येथील शेतांस पाणी दिले. तालुक्यातील चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे आणि कडोदऱ्याच्या बाजूस कापडाच्या गिरण्या दाटल्या आहेत. ऊसतोडीला खानदेशातून आणि डांगातून माणसे येतात, शेताच्या कडेला पाल ठोकून राहतात. उन्हाळ्याच्या तोंडी फडामागून फड मोकळा होतो आणि उघड्या ढेकळांवर एक पाखरू आपला संसार मांडते. ते म्हणजे टिटवी.

काळे डोके, काळी छाती, डोळ्यांपुढे लाल मांसल पाळी, लांब पिवळे पाय आणि ‘टिटिव्, टिटिव्’ असा कर्कश गजर, एवढ्यावरून तिला लहान मूलही ओळखील. शेजारचे गुजराती शेतकरी तिला टिटोडी म्हणतात. तिने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस मोठा, सखल जागी घातली तर बेताचा, असा एक ठोकताळा गुजरातेत फार जुना आहे आणि महाराष्ट्रातही ऐकू येतो. आमचा त्यावर विश्वास नाही. तथापि त्या निमित्ताने शेतकरी तिची अंडी कोठे आहेत हे पाहून ठेवतो आणि नांगर जपून चालवितो, हा लाभ थोडा नव्हे.

टिटवीला घरटे असे नसतेच. जमिनीत एक उथळ खळगी, भोवती थोडे खडे, की झाले काम. रेल्वेच्या रुळांमधील खडीत आणि इमारतींच्या सपाट गच्चीवरही ती अंडी घालते. अंडी बहुधा चार. मातकट रंगावर काळे ठिपके, निमुळती टोके आत वळविलेली. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. नर आणि मादी आळीपाळीने बसतात व पिले बाहेर येण्यास सुमारे चार आठवडे लागतात. (भाषेने नरालाही ‘ती टिटवी’च करून टाकले आहे. पण तो गडी मोनालाच्या नरापेक्षा पुष्कळ बरा.)

दुपारी बारानंतर हे जोडपे काय करते, ते दुरून पाहावे. उघड्या जमिनीचा पृष्ठभाग त्या वेळी हवेपेक्षा कितीतरी अधिक, पन्नास अंशांच्याही वर तापू शकतो. अंडी तशीच उघडी पडली तर शिजतील. म्हणून टिटवी अंड्यांवर टेकून बसत नाही. पाय किंचित ताठ करून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकीत ती त्यांच्यावर उभी राहते. आपल्या देहाचेच ती छप्पर करते. मोनालाची मादी जे अंग ऊब द्यावयास वापरते, तेच अंग ही सावली द्यावयास वापरते.

एवढ्यानेही भागत नाही, तेव्हा ती पाण्याकडे जाते. शेतातील पाटात किंवा डबक्यात उभी राहून पोटाची पिसे चिंब करते आणि धावत येऊन अंड्यांवर बसते. ओली पिसे अंड्यांना लागतात, पाणी वाफ होऊन उडते व जाताना उष्णता घेऊन जाते. आपल्या घरचा मातीचा माठ ज्या रीतीने पाणी गार ठेवतो, तीच ही रीत. जोडीदार असल्यामुळे एकाने पाण्यास जावे, दुसऱ्याने पहारा करावा, अशी पाळी चालू शकते. पाट जवळ असलेल्या शेतात टिटवीचा संसार तरून जाण्याचा संभव म्हणूनच अधिक.

परंतु याच दुपारी सुटीतली मुले शेतात हिंडत असतात. माणूस दिसताच टिटवी दुरूनच उठते आणि डोक्यावर घिरट्या घालीत आकांत मांडते. मुलांना गंमत वाटते, अंडी सापडेपर्यंत ती तेथून हलत नाहीत, सापडली की गोळा होऊन पाहत राहतात. कोणी अंड्याला हात लावला नाही, एक दगड मारला नाही, तरी तेवढ्या वेळात चार पिले अंड्यातच मरू शकतात. कारण सावली धरणारी आई आकाशात आहे. आम्ही पालकांस एवढेच सुचवितो की मुलांना हे कारण सांगावे. नुसते ‘जाऊ नकोस’ म्हटल्याने मूल हमखास जाते. पाहावयाचेच असेल तर सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, बांधावरून पाहावे आणि लगेच परतावे. कुत्र्याला बरोबर नेऊ नये.

शेतकरी बंधूंसाठी काम आणखी सोपे आहे. फड मोकळा झाल्यावर पाचट जाळण्याआधी किंवा ट्रॅक्टर घालण्याआधी टिटवी कोठून उठते ते पाहावे, चार हातांवर उसाचा एक दांडा रोवावा आणि तेवढा तुकडा वगळून पुढे जावे. जास्तीत जास्त महिनाभराचा प्रश्न आहे. पिले अंड्यातून निघाल्यावर कोरडी होतात न होतात तोच आपल्या पायांनी चालू लागतात, आईबापांच्या हाकेबरोबर ढेकळांत दबून बसतात आणि लवकरच ती जागा सोडून पाटाच्या कडेला जातात. मग तेथे खुशाल नांगर फिरवावा.