मैदान हा हक्क आहे, दात्याची मेहेरबानी नव्हे

शाळेला मैदान हवे की नको, हा आता कुणाच्या मताचा प्रश्न राहिलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत वर्गखोल्या, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांच्याच यादीत खेळाचे मैदान आहे. प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचे साहित्य द्यावे, असेही तिथेच म्हटले आहे. १ एप्रिल २०१० ला कायदा लागू झाला, जुन्या शाळांना निकष पूर्ण करायला तीन वर्षे मिळाली आणि ती मुदत २०१३ मध्ये संपली. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मैदान मागायला गेले की ठरलेले उत्तर मिळते : एखादा दाता बघा, सीएसआरमधून काही होते का बघा.

म्हणजे जे कायद्याने द्यायचे, ते आपण मागत फिरायचे. हक्काचे दानात रूपांतर होते ते असे.

यावर आपलेच काही मित्र विचारतात, सरकारकडे पैसा नाही, देणारा देतोय, मग तुम्ही आडवे का येता? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, दान गरज बघून जात नाही, ओळख बघून जाते. ज्या शाळेचे माजी विद्यार्थी डॉक्टर, बिल्डर, परदेशात इंजिनिअर आहेत, तिथे बास्केटबॉलचे कोर्ट होते. ज्या शाळेचे माजी विद्यार्थी ऊसतोडीला जातात, तिथे माजी विद्यार्थी संघ कोण काढणार? कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. पण त्याच कायद्यात आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असेही आहे. मग ज्या तालुक्यात कारखानाच नाही, त्याच्या वाट्याला काय येणार? जातीने आधीच वाटून ठेवलेली संपत्ती दानाच्या रूपाने पुन्हा तशीच वाटली जाते.

दुसरी गोष्ट, हे दान पूर्णपणे खाजगी नसते. नोंदणीकृत संस्थेला देणगी दिली की आयकरात सवलत मिळू शकते. सरकारी तिजोरीत येणारा जो कर माफ होतो, तो तुमचा-आमचा पैसा आहे. पाटीवर नाव मात्र एकट्या दात्याचे लागते.

तिसरी गोष्ट इतिहासाची आहे. मुंबईत समुद्रालगत पारशी, हिंदू, इस्लाम अशा जिमखान्यांची मैदाने उभी राहिली. जमीन ब्रिटिश सरकारने दिली, पैसा त्या-त्या समाजातील धनिकांचा होता. हिंदू जिमखान्याला तर देणगीदाराचेच नाव आहे. जमीन सार्वजनिक, पैसा खाजगी आणि दार सभासदांपुरते. ज्यांच्यात धनिकच नव्हते, त्या समाजांनी खेळायचे कुठे? त्याच काळात पुण्यात चर्मकार समाजातले बाळू पालवणकर गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची देखभाल करता करता गोलंदाज झाले. संघाला त्यांचे बळी हवे होते, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. मैदान ज्याच्या मालकीचे, नियम त्याचे.

बाबासाहेब देणग्यांच्या विरोधात नव्हते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी करताना त्यांनी निधी जमवलाच. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीचे ऋणही त्यांनी कधी नाकारले नाही. पण त्या शिष्यवृत्तीला बडोदा संस्थानच्या नोकरीचा करार जोडलेला होता आणि १९१७ मध्ये त्याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतूनच पैसा मागितला. एका माणसाच्या उदारपणावर समाजाचे भविष्य सोपवायचे नसते, हा त्यातला धडा आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने काढलेली दत्तक शाळा योजना याच्या नेमकी उलट दिशेने जाते. ग्रामीण भागात ५ वर्षांसाठी ५० लाख किंवा १० वर्षांसाठी १ कोटी मोलाची मदत केली की शाळेच्या नावाला दात्याचे नाव जोडता येते. उद्या मैदान कुणाच्या कार्यक्रमाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरवताना त्या नावाचे वजन पडणार नाही, याची हमी कोण देणार?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. मैदान आणि खेळाचे साहित्य ही किमान सोय सरकारी पैशातूनच झाली पाहिजे आणि सुरुवात समाजकल्याणच्या निवासी शाळा, आश्रमशाळा व मैदान नसलेल्या जिल्हा परिषद शाळांपासून झाली पाहिजे. खाजगी देणगी आली तर ती जिल्ह्याच्या एकत्रित निधीत जावी आणि वाटप गरजेच्या यादीनुसार व्हावे. दात्याला आभाराचे पत्र द्या, नाव आणि ताबा देऊ नका. देणगी मिळाली म्हणून त्या शाळेचा सरकारी निधी कापू नका. शाळा सुटल्यावर मैदान वस्तीतल्या मुलामुलींना खुले असावे, लग्नाच्या मंडपाला भाड्याने जाऊ नये.

हा फक्त करमणुकीचा विषय नाही. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. ज्या शाळेला मैदानच नाही, तिथल्या मुलांसाठी ही दोन्ही दारे बंदच राहतात.

कार्यकर्त्यांनी करायचे काम सोपे आहे. आपल्या शाळेची यू-डायस नोंद तपासा. कागदावर मैदान आहे आणि जागेवर नाही, असे दिसले की लेखी तक्रार द्या. जिल्हा नियोजनातून आणि अनुसूचित जाती उपयोजनेतून क्रीडांगणांवर किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात मागा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. शाळेला सरकारकडून किंवा इतर कुठूनही आलेल्या पैशाच्या वापरावर लक्ष ठेवण्याचा अधिकार कायद्याने याच समितीला दिला आहे. दात्याच्या पैशाचा हिशेबही तिलाच मागता येतो. पुढच्या बैठकीला आपल्या वस्तीतले पालक गेले पाहिजेत आणि शाळा विकास आराखड्यात मैदानाची मागणी लिहूनच परत आले पाहिजेत.

जय भीम!