उलटे केलेले हक्क

मराठी पुस्तकाच्या आरंभी ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ आपण इतक्या वेळा पाहिलेली असते, की ती वाचण्याचे कष्टही कोणी घेत नाही. ग्रेग हिल व केरी थॉर्नली या अमेरिकन मित्रांनी मात्र नेमक्या याच ओळीची थट्टा केली. गोंधळाची ग्रीक देवता एरिस हिच्या नावाने त्यांनी एक विडंबनधर्म काढला. ‘प्रिन्सिपिया डिस्कॉर्डिया’ हा त्याचा ‘धर्मग्रंथ’. त्याच्या १९७० च्या आवृत्तीवर वर्तुळातील ‘सी’ऐवजी ‘के’ होता आणि ‘ऑल राइट्स रिझर्व्ड’च्या जागी ‘ऑल राइट्स रिव्हर्स्ड’ असे शब्द होते. इंग्रजीत हक्क आणि धर्मविधी या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘राइट्स’च होतो, म्हणजे सर्व विधी उलटे! हवे ते खुशाल छापा, अशी मुभाही सोबत होती.

हा निव्वळ पोरखेळ होता, असे मला वाटत नाही. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार योग्य हक्कसूचनेविना पुस्तक प्रकाशित केल्यास त्यावरील हक्क सामान्यतः संपुष्टात येत असे. पुढे रॉबर्ट शे व रॉबर्ट अँटन विल्सन यांच्या ‘इल्युमिनॅटस’ या १९७५ च्या कादंबरीत्रयीने या धर्मातील कल्पना मनसोक्त वापरल्या आणि मूठभर मित्रांची चेष्टा दूरवर पोहोचली.

एक आक्षेप मात्र उरतोच. हा ग्रंथ ठिकठिकाणची कात्रणे चिकटवून सजवलेला होता. स्वतःचे देणे हे औदार्य; दुसऱ्याचे वाटणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र.

१९८० च्या दशकाच्या मध्यास संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांना एका मित्राच्या पत्रावर ‘कॉपीलेफ्ट’ या शब्दासह हीच कोटी आढळली. त्यांनी शब्द उचलला, पण हक्क सोडला नाही. उलट त्याच्याच आधारे अट घातली : सुधारलेली प्रत दुसऱ्याला द्याल, तर तीही याच मोकळिकीने द्या. १९८९ चा ‘जीपीएल’ परवाना या विचारातून आला. हिल यांच्या थट्टेपेक्षा ही युक्ती मला अधिक दूरदृष्टीची वाटते. नुसत्या सोडून दिलेल्या शेतात नवे पीक काढून कोणीही कुंपण घालू शकतो.

अमेरिकेत १ मार्च १९८९ पासून हक्कसूचना सक्तीची राहिलेली नाही. भारताचा १९५७ चा कायदाही नोंदणीवाचून लेखकाला हक्क देतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे गप्प राहणाऱ्याचे लेखनही आपोआप कुलूपबंद होते. ज्याला हे कुलूप नको, त्याला कलम २१ अन्वये निबंधकाला कळवून, अथवा २०१२ च्या दुरुस्तीनंतर जाहीर सूचनेनेही, हक्क सोडता येतो. ही तरतूद किती लेखकांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.