फुटलेली काच आणि मालकीचा प्रश्न

मोबाइल फोनची काच फुटणे ही गोष्ट आता चष्म्याची काडी मोडण्याइतकी नित्याची झाली आहे. बसमधून उतरताना किंवा फळ्यावर लिहिता लिहिता खिशातून फोन निसटतो, उचलून पाहावा तर काचेवर कोळ्याचे जाळे विणल्यासारख्या रेषा उमटलेल्या असतात. आतले यंत्र शाबूत असते. घंटी वाजते, बोलणे ऐकू येते, छायाचित्रेही निघतात. तरीही घरात एक लहानसे आर्थिक संकट उभे राहते. कारण अधिकृत सेवा केंद्रात गेल्यावर जो आकडा सांगितला जातो, तो ऐकून पुष्कळांना नवा फोन घेणेच शहाणपणाचे वाटू लागते. तसे वाटावे, अशीच बहुधा योजना असते.

फोन ही चैनीची वस्तू होती तोवर या तक्रारीकडे कोणी लक्ष दिले नसते तरी चालले असते. आज विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज, शिक्षकाने भरावयाची शाळेची माहिती, कारकुनाच्या पगाराचा बँकेतून येणारा निरोप, सारे त्याच काचेखाली आहे. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली दरमहा १६,००० रुपये झाले. एवढ्या मानधनावर संसार चालविणाऱ्याने फुटलेल्या काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावून महिनोन् महिने काम भागवले, तर तो कंजूष ठरत नाही. त्याला दुसरा मार्ग कोणी दाखविलेला नसतो.

दुसरा मार्ग म्हणजे ही दुरुस्ती घरी, आपल्या हाताने करणे. ते शक्य आहे काय? या प्रश्नाला सरसकट होय म्हणणारे आणि सरसकट नाही म्हणणारे, दोघेही ग्राहकाची दिशाभूल करतात. आधी ती काच म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. वरची काच साधी नसते. वितळलेल्या पोटॅशियम क्षारात सुमारे ४०० अंश सेल्सिअसला ती बुडवून ठेवतात. काचेतील सोडियमच्या लहान कणांची जागा पोटॅशियमचे मोठे कण घेतात आणि पृष्ठभाग आतून दाटल्यासारखा घट्ट होतो. म्हणून ती खिशातल्या किल्ल्यांना दाद देत नाही. वाळूचा कण मात्र काचेहून कठीण असतो. त्याचा एखादा बारीक ओरखडा कडेला पडलेला असला की पुढे हातभर उंचीवरून पडणेही पुरते. या काचेखाली स्पर्श ओळखणारा थर असतो आणि त्याखाली चित्र उमटविणारा पडदा. पूर्वीच्या अनेक फोनांत हे थर सुटे असत. आता ते पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. ‘फक्त काच फुटली आहे, काचच बदलू’ हा हिशेब म्हणूनच घरी जमत नाही. काच वेगळी काढण्यास तापता पाट, बारीक तार आणि पुन्हा चिकटविताना हवेचे बुडबुडे काढणारे दाबयंत्र लागते. घरी करावयाचे ते काम म्हणजे काच, स्पर्शाचा थर आणि पडदा असा संपूर्ण संच बदलणे. दुकानदार याच संचाला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात.

हा संच बदलण्यास लागणारे कौशल्य शिवणयंत्र उघडून साफ करणाऱ्या गृहिणीच्या कौशल्याहून फार निराळे नाही. घाईचा त्याग मात्र करावा लागतो. फोनमधील माहितीची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवावी. फुटलेल्या काचेवर रुंद चिकटपट्टी लावावी, म्हणजे कपच्या बोटात शिरत नाहीत. फोन बंद करून कडा कोमट होतील इतपत केस वाळविण्याच्या यंत्राने तापवाव्यात आणि प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवावी. लोखंडी सुरी मुळीच वापरू नये. आतले स्क्रू दिसावयास सारखे, पण लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर खालच्या पट्टीतील सूक्ष्म तारा तुटतात आणि काचेचे दुखणे प्राणावर बेतते. म्हणून कागदावर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवणे हा या विद्येचा पहिला धडा आहे. सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी, नवा संच गोंद लावण्यापूर्वी जोडून, चालवून पाहावा, मगच चिकटवावा. एवढे पाळले तर साध्या, सपाट पडद्याच्या फोनला धीराच्या माणसाने हात घालण्यास हरकत नाही. कडेला वळणाऱ्या पडद्याच्या, घडी होणाऱ्या किंवा बॅटरी फुगलेल्या फोनला मात्र घरी हात लावू नये. लिथियमच्या बॅटरीला टोक लागले तर ती पेट घेते, आणि ती आग पाण्याचा तांब्या ओतून आटोक्यात येईल असा भरवसा नसतो. दुरुस्त केलेल्या फोनमध्ये पाणी शिरणार नाही अशी खात्रीही पुढे धरू नये.

एवढे सांगून झाल्यावर खरा प्रश्न उरतो. हे काम जितके अवघड आहे, त्यातले किती अवघडपण वस्तूच्या स्वभावातून आले आहे आणि किती मुद्दाम घातलेले आहे?

जुन्या पिढीला आठवत असेल, रेडिओच्या मागची पाठ उघडली की आत विद्युतमंडलाचा नकाशा चिकटविलेला असे. प्रायमस स्टोव्हची पिन आणि कातडी वॉशर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. वॉशर तेलात भिजवून बसविणे ही विद्या सासूकडून सुनेकडे जात असे. स्कूटर सुरू होईना की ती एका अंगाला कलती करण्यापासून प्लग पुसण्यापर्यंतचे उपचार अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही येत. (त्यांचा उपयोग किती होई, हा भाग वेगळा.) या वस्तूंचे कर्ते फार उदार होते असे नव्हे. वस्तू विकली की तिच्यावरचा आपला हक्क संपला, एवढेच ते मानत. आजचा फोन विकला गेल्यावरही निर्मात्याचा हात त्यावरून निघत नाही.

याचे दाखले उघड आहेत. अॅपल या अमेरिकन कंपनीने आपल्या आयफोन ४ ला पाच पाकळ्यांचा असा स्क्रू बसविला की त्याचे पेचकस सामान्य दुकानात मिळू नये. याच कंपनीच्या आयफोन ६ मधील बोटाचा ठसा ओळखणारे बटण बाहेरच्या दुरुस्तीकाराने बदलले, तर नंतर आज्ञावली अद्ययावत करताना ‘एरर ५३’ असा शेरा उमटून फोन मुका होई. २०१६ साली हे प्रकरण गाजले. ऑस्ट्रेलियातील संघीय न्यायालयाने २०१८ मध्ये, दुरुस्ती बाहेर केली म्हणून तुमचा हक्क गेला असे ग्राहकांना सांगितल्याबद्दल, कंपनीला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तरीही २०२१ मधील आयफोन १३ चा पडदा बाहेर बदलला की चेहरा ओळखण्याची सोय बंद पडे. ओरड झाली तेव्हा कंपनीने ती अडचण दूर केली. जी अडचण आज्ञावलीच्या एका सुधारणेने नाहीशी होते, ती अपरिहार्य होती असे कसे म्हणावे? सुटा भाग खराच असला, तरी त्याचा क्रमांक फोनच्या क्रमांकाशी जुळविण्याची किल्ली निर्मात्याने आपल्याच कनवटीला ठेवावयाची, ही आजची रीत आहे. इतर कंपन्याही या बाबतीत फार मागे नाहीत.

निर्मात्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. चोरीचे फोन मोडून त्यांचे भाग विकले जातात, बनावट पडदे बाजारात येतात, अडाणी हाताने बॅटरी पेटू शकते, हे सारे खरे आहे. परंतु चोरीचा भाग ओळखण्यासाठी प्रामाणिक भागही अडवावा लागत नाही. बनावट पडद्यावर खरा पडदा रास्त भावात उपलब्ध करून देणे हाच उपाय आहे. आणि धोका टाळण्यासाठी माहिती लपविणे हा तर उलटा न्याय झाला. माहिती मिळाली नाही म्हणजे माणूस दुरुस्ती करीत नाही असे नाही, तो ती अंदाजाने करतो. कंपन्यांची सवलत देण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी असते. अॅपलने एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांसाठी योजना काढली, तेव्हा आठवड्याला ४९ डॉलर भाड्याने जी हत्यारे घरी येत, त्यांच्या दोन पेट्यांचे वजन सुमारे ३६ किलो भरले. पावशेराच्या आतबाहेरच्या फोनसाठी एका हमालाचे ओझे!

अर्थात प्रत्येक शिक्षकाने वा कारकुनाने पेचकस हाती घ्यावा, असा याचा अर्थ नाही. बहुतेक जण मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत किंवा तालुक्याच्या एसटी स्थानकासमोरील टपरीवजा दुकानातच जातील. पण घरी दुरुस्ती करणाऱ्याचा आणि या दुकानदाराचा हितसंबंध एकच आहे. खरा भाग, नकाशा आणि क्रमांक जुळविण्याची सोय एकाला नाकारली की ती दुसऱ्यालाही नाकारली जाते. मग दुकानदार ‘फर्स्ट कॉपी’ बसवितो, पडदा महिन्याभरात पिवळा पडतो आणि दोष येतो त्याच्या कसबावर. शिवाय घरच्या दुरुस्तीचे एक कारण पैशाच्या पलीकडचे आहे. फोन दुरुस्तीस देताना त्याचे कुलूप उघडण्याचा आकडा सांगावा लागतो. कुटुंबाची छायाचित्रे, पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार अनोळखी माणसाच्या हाती दिवसभर राहतात. विद्यार्थिनींना ही चिंता किती सतावते, ते वेगळे सांगावयास नको.

परदेशांत कायदे या दिशेने वळले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोनसारख्या वस्तूंवर दुरुस्ती किती सुलभ आहे याचे गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे त्याचे सुटे भाग उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. पडदा तर केवळ व्यावसायिकालाच नव्हे, सामान्य ग्राहकालाही मिळाला पाहिजे. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०२४ साली भागांचे क्रमांक जुळविण्याच्या अडवणुकीलाच कायद्याने हात घातला.

भारतात ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक माहितीस्थळ सुरू केले. २०२४ मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी दुसरी समिती झाली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. समित्या झाल्या, या हक्काचा स्वतंत्र कायदा मात्र झालेला नाही. माहितीस्थळावर सेवा केंद्राचा पत्ता सापडणे आणि पडदा रास्त किमतीत हाती पडणे, यांत बरेच अंतर आहे. १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन झाली, ती वजनमाप, भेसळ आणि साठेबाजी यांच्या काळात. पदार्थात काय मिसळले, हा तेव्हाचा प्रश्न होता. आजच्या वस्तूत काय कुलूपबंद केले, हा प्रश्न त्याच चळवळीने तितक्याच हट्टाने हाती घ्यावयास हवा.

मागण्या फार नाहीत. फोनच्या खोक्यावर त्याच्या पडद्याची आणि बॅटरीची किंमत छापलेली असावी; ती फोनच्या किमतीशेजारी वाचली की ग्राहकाला पुढचा खर्च खरेदीच्या वेळीच कळेल. दुरुस्तीची पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत मिळावी. खऱ्या भागाला फोनने नकार देऊ नये. आणि निर्देशांक ऐच्छिक ठेवू नये, कारण तो ऐच्छिक राहिला तर ज्यांना उत्तम गुण मिळतील तेवढेच तो छापतील, आणि ज्या फोनांची काच बदलणे सर्वांत महाग पडते, त्यांची खोकी नेमकी कोरी राहतील.