नदीकाठची श्रीमंती कोणाची?

परदेशपर्यटनाच्या जाहिरातींत हल्ली एक नवे आकर्षण ठळकपणे दिसू लागले आहे. आठ दिवसांत सहा राजधान्या पालथ्या घालण्याची धावपळ नको. एकाच नदीवर संथपणे तरंगत जावे, सकाळी एखाद्या जुन्या गावाच्या धक्क्याला लागावे आणि रात्री आपल्याच खोलीत निजावे, असे हे निमंत्रण असते. फ्रान्सच्या नैर्ऋत्येस असलेला बोर्दो परगणा हे अशा सफरींचे एक आवडते ठिकाण. शंभर मीटरांहून अधिक लांबीचे तरंगते हॉटेल पाहुण्यांना घेऊन निघते. ब्लायचा किल्ला, लिबूर्नचा चौक, सेंत-एमिलिओंच्या दगडी गल्ल्या आणि मेदोकचे द्राक्षमळे दाखवून आठवड्याने त्यांना पुन्हा बोर्दोच्या धक्क्यावर आणून सोडते. मद्याचा पुरस्कार करणे हा अर्थातच आमचा हेतू नव्हे. ज्यांच्या कष्टांनी तो नदीकाठ पाहण्याजोगा झाला, त्यांच्या पदरात या सगळ्यातून काय पडते, हा आमच्या आस्थेचा विषय आहे. आणि नद्यांवर पर्यटनाचे मनोरे रचू पाहणाऱ्या आपल्या राज्यालाही तो परका नाही.

प्रथम तो प्रदेश समजून घेतला पाहिजे. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या खाली एकत्र येतात आणि तेथून जिरोंद नावाची सुमारे ७५ किलोमीटर लांबीची खाडी अटलांटिक महासागरापर्यंत जाते. पश्चिम युरोपातील ही सर्वांत मोठी खाडी. भरती-ओहोटीचा अंमल समुद्रापासून कितीतरी आत, थेट या दोन्ही नद्यांच्या पात्रांत चालतो. मोठ्या उधाणाच्या दिवशी भरतीची लाट प्रवाहाच्या उलट दिशेने धावत जाते. तिला तेथील लोक ‘मास्कारे’ म्हणतात. कितीही दिमाखदार जहाज असले तरी त्याला येथे भरतीचे वेळापत्रक पाहूनच हलावे लागते. दोन नद्यांमधल्या दोआबाला फ्रेंच नाव आहे तेच मुळी ‘दोन समुद्रांमधला प्रदेश’ या अर्थाचे. मांडवी-जुवारीच्या मुखाशी वाढलेल्या आमच्या वाचकांना या नावाची गंमत वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

जहाजाच्या सज्जातून दिसणारा हा देखावा निसर्गाने आयता दिलेला आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. मेदोकचा मोठा भाग एकेकाळी पाणथळ होता. सतराव्या शतकात डच तंत्रज्ञांनी तेथे चर खणून पाणी काढून दिले, तेव्हा कोठे तेथील खडकाळ उंचवटे लागवडीस मोकळे झाले. खाऱ्या पाण्याला बांध घालून आणि मानशींच्या दारांनी भरती-ओहोटीला शिस्त लावून आपल्या पूर्वजांनी खाजन शेती उभी केली, त्याच जातीचे हे काम आहे. सोतेर्नची गोष्ट तर याहून सूक्ष्म. सिरों नावाच्या ओढ्याचे थंड पाणी गारोनच्या कोमट पाण्याला मिळते, त्यातून शरद ऋतूतील सकाळी धुके उठते आणि त्या धुक्यात द्राक्षांवर एक विशिष्ट बुरशी धरते. तिच्यामुळे फळातील पाणी आटून साखर घट्ट होते. परंतु ही बुरशी सर्व मण्यांवर एकाच वेळी धरत नाही. म्हणून मजुरांना त्याच वेलीपाशी पुनःपुन्हा जाऊन पिकलेले तेवढे मणी हातांनी खुडावे लागतात. पाहुण्याच्या पेल्यातील सोनेरी रंगामागे कित्येक आठवड्यांची ही कंबरमोड असते.

या वैभवाचा इतिहासही सरळ नाही. ११५२ साली अॅक्विटेनची एलेनॉर हिने हेन्री प्लँटॅजनेटशी विवाह केला, दोनच वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, आणि बोर्दोच्या मद्याला सागरापलीकडची बाजारपेठ मिळाली. १४५३ साली दोर्दोन्यच्या काठी कास्तियों येथे इंग्रजांचा निर्णायक पराभव होईपर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे, हा संबंध टिकला. राजे भांडत राहिले, पण व्यापाराने गावांना काही हक्कही मिळवून दिले. सेंत-एमिलिओं गावाला ११९९ साली जॉन राजाने सनद दिली आणि गावच्या निवडक मंडळींकडे स्थानिक कारभार आला. मद्याच्या प्रतीवर देखरेख ठेवणे हाही त्यांच्या कारभाराचा भाग होता. गावकारीची परंपरा पाहिलेल्या गोमंतकीयाला यातले मर्म चटकन उमगेल. जमीन आणि पाणी यांची काळजी घेणारी संस्था गावात असावी लागते. ती दूरच्या राजधानीतून चालविता येत नाही.

बोर्दोच्या धक्क्यावरील अठराव्या शतकातील प्रासादांच्या रांगेपाशी मात्र विवेकी प्रवाशाने अंमळ थांबावे. ही श्रीमंती केवळ द्राक्षांची नव्हे. गुलामांच्या व्यापारात हे बंदर फ्रान्समध्ये नांतच्या खालोखाल होते. येथून सुमारे ५०० सफरी आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघाल्या आणि एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुष बेड्या घालून अमेरिकेकडील वसाहतींत नेले गेले. आजच्या हैतीत त्यांनी पिकविलेली साखर आणि कॉफी याच धक्क्यावर उतरत असे. शहराने हा इतिहास दीर्घकाळ झाकून ठेवला. २००९ साली तेथील अॅक्विटेन संग्रहालयात या विषयाची कायमची दालने उघडली, आणि २०१९ साली नदीकाठी मोदेस्त तेस्तास या गुलाम स्त्रीचा पुतळा उभा राहिला. वसाहतवादाचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे त्या आम्हांस या गोष्टीचे मोल वाटते. पाहुण्यांसमोर केवळ सुंदर तेवढेच मांडण्याचा मोह टाळणे हे प्रौढ समाजाचे लक्षण होय.

तितकीच शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे कायद्याने घातलेली शिस्त. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी प्रसिद्ध मळ्यांची प्रतवारी केली, ती मुख्यतः बाजारभाव पाहून. श्रीमंत मळ्यांना तिने अढळपद दिले. सामान्य उत्पादकाला तिचा काहीच उपयोग नव्हता. पुढे अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, आणि अखेर अमेरिकन वेलीच्याच खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करून ते वाचविण्यात आले. त्या पडझडीत बनावट आणि भेसळयुक्त मालाचा सुळसुळाट झाला. त्यातूनच १९३५ साली नियंत्रित उगमनामाचा कायदा जन्मास आला. कोणत्या शिवारातील, कोणत्या जातीच्या द्राक्षांचे, किती उत्पन्न मर्यादेत केलेले मद्य कोणत्या नावाने विकावे, हे त्याने बांधून दिले. गावाचे नाव ही गावाची सामायिक मालमत्ता ठरली. याच देशाने १९९१ साली कायदा करून मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने घातली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९९९ साली सेंत-एमिलिओंचा द्राक्षपरिसर आणि २००७ साली बोर्दोचे अर्धचंद्राकृती बंदर जागतिक वारशाच्या यादीत गेले. गोदामांनी अडविलेला बोर्दोचा नदीकाठ त्याआधीच मोकळा करून नागरिकांच्या फिरण्यास खुला करण्यात आला होता. काठ आधी रहिवाशांसाठी सुधारला गेला. पाहुणे त्याचे लाभार्थी झाले.

इतके सारे करूनही बोर्दोचा शेतकरी आज संकटात आहे, आणि जाहिरातीत न दिसणारी बाजू हीच. १९६० च्या सुमारास फ्रेंच माणूस वर्षाला सरासरी शंभर लिटरांहून अधिक वाईन पीत असे; आज ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले आहे. चीनची मागणी काही काळ वाढली, तीही ओसरली. मोठ्या नावांचे मळे तग धरून आहेत. परंतु साध्या प्रतीची लाल वाईन करणाऱ्या लहान उत्पादकाला उत्पादनखर्चही सुटेना. डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे हजारभर द्राक्षउत्पादक बोर्दोच्या रस्त्यांवर उतरले. त्यांची मागणी काय होती? आमच्या वेली उपटण्यासाठी पैसे द्या! पिढ्यानपिढ्या जोपासलेला मळा स्वतःच्या हातांनी उपटण्याची परवानगी आणि नुकसानभरपाई मागण्याची पाळी शेतकऱ्यावर यावी, याहून अधिक बोलके दुसरे काय असू शकते? २०२३ साली हेक्टरी ६,००० युरो देऊन सुमारे ९,५०० हेक्टरांपर्यंत वेली काढण्याची योजना ठरली. त्याच वर्षी फ्रान्सच्या सरकारने शिल्लक वाईनची ऊर्ध्वपातनाने विल्हेवाट लावण्यासाठी २० कोटी युरोंची तरतूद जाहीर केली. एकेकाळी १,१०,००० हेक्टरांहून अधिक असलेले बोर्दोचे द्राक्षक्षेत्र आता लाखाच्या आत आले आहे.

त्यात हवामानाने हात धुऊन घेतले. २०२२ च्या जूनमध्ये गारपिटीने मळे झोडपले, आणि जुलैत लांदिरास व ला तेस्त येथील अरण्ये पेटली. पुढच्याच वर्षी दमट उन्हाळ्यात केवडा रोगाने द्राक्षांचे मोठे नुकसान केले. तेथील मेर्लो ही मुख्य जात वाढत्या उष्म्यात लवकर पिकू लागली आहे. म्हणून २०२१ साली सहा नव्या जातींना मर्यादित प्रमाणात परवानगी देण्यात आली. त्यांतील तूरिगा नासियोनाल आणि आल्व्हारिन्यो या दोन जाती पोर्तुगालमधून परिचित आहेत. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या बोर्दोला दक्षिणेकडच्या, उष्ण मुलखातील वेलींकडे वळावे लागले.

अशा वेळी नदीपर्यटन या शेतकऱ्याला आधार देईल काय? थोडा देईल, हे नाकारण्याचे कारण नाही. एखाद्या मळ्यात पाहुणे येतात, चार बाटल्या विकत घेतात, गावातील मार्गदर्शकाला आणि खाणावळीला काम मिळते. परंतु या सफरींची रचना पाहिली तर निवास, भोजन, पेये आणि सहलीसुद्धा बहुधा तिकिटातच अंतर्भूत असतात. प्रवासी जितका अधिक काळ जहाजावर, तितका कंपनीचा लाभ अधिक. शिवाय जहाज नेणार ते नामांकित मळ्याकडे. ज्याच्या वेली उपटल्या जात आहेत त्या अनामिक शेतकऱ्याच्या दारी ते पाहुण्यांना क्वचितच उतरविणार. आणि तरीही दोन्ही काठांवरचा तो अखंड हिरवा पट, ज्यासाठी प्रवासी पैसे मोजतो, तो या अनामिकांनीच विणलेला असतो. त्यांनी मळे सोडले आणि तेथे पडीक राने माजली, तर सज्जातून पाहणार तरी काय? देखाव्याला भाव आहे आणि देखावा निर्माण करणाऱ्याला नाही, हा व्यवहार फार काळ चालणारा नव्हे.

आता आपल्याकडे वळू. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग घोषित झाले. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा यांचा त्यांत समावेश आहे. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगढकडे ५१ दिवसांची, सुमारे ३,२०० किलोमीटरांची जलसफर निघाली, तेव्हा नदीपर्यटनाचे युग अवतरल्याची द्वाही फिरली. नद्यांवर प्रवासी यावेत यास आमचा विरोध नाही. परंतु मांडवीत आज जी जहाजे ठाण मांडून आहेत त्यांचे नदीशी नाते कोणते? त्यांच्यावर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला काठ पाहावयाचा नसतो, गाव जाणून घ्यावयाचा नसतो. नदी त्याच्या दृष्टीने केवळ जुगाराच्या टेबलाखालचे पाणी असते. बोर्दोने आपला काठ नागरिकांना परत दिला. पणजीत तो जुगाराच्या धक्क्यांसाठी दिला गेला. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक लाभला खरा. पण फ्रेंच उत्पादकामागे जशी उगमनामाची कडक देखरेख उभी राहिली, तशी आपल्या भाटकार-भट्टीवाल्यामागे किती उभी आहे? आणि फुटलेल्या बांधांच्या खाजनांत खारे पाणी शिरत असताना आपण पाहुण्यांना कोणता हिरवा काठ दाखविणार आहोत?

सरकारने नव्या धक्क्यांच्या आणि जहाजांच्या परवान्यांवर सही करण्यापूर्वी तीन गोष्टींची हमी द्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पहिली, नदीपर्यटनाच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा बांध आणि मानशी यांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि तो खाजन राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थांच्या हाती द्यावा. दुसरी, कोणते जहाज कोठे थांबावे आणि दिवसाला किती यावीत हे ठरविताना काठच्या ग्रामपंचायतीचा आणि पागी-मच्छीमारांचा शब्द प्रमाण मानावा. तिसरी, काठावर फिरण्याचा नागरिकांचा हक्क कोणत्याही कंपनीच्या कुंपणाने अडवू नये. बोर्दोपाशी कायदा होता, कीर्ती होती, आठ-नऊशे वर्षांचा व्यापार होता. तरीही तेथील लहान शेतकरी कोलमडला. आपल्यापाशी यांतले फारच थोडे आहे. म्हणूनच काठचा माणूस उठून गेल्यावर नव्हे, तो आज तेथे आहे तोवरच ही व्यवस्था लागली पाहिजे.