पहिल्या हाकेला ओ देऊ नये

रात्री-अपरात्री बाहेरून कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असा दंडक कोकणातल्या जुन्या घरांतून वडीलधारी माणसे लहानांना घालून देत असत. त्यामागे भुताखेतांची भीती होती हे खरे. पण त्या दंडकात व्यवहारी शहाणपणही होते. हाक कुणाची, कशासाठी, हे कळेपर्यंत थांबावे आणि दार उघडण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या माणसाला उठवावे. आज अनोळखी हाक अंगणातून येत नाही, हातातल्या मोबाईलमधून येते. आणि तिला ओ देणारे माणूस बहुधा एकटे असते.

एके काळी दूरध्वनीचे यंत्र दिवाणखान्यात, एखाद्या विणलेल्या रुमालावर विराजमान असे. घंटा वाजली की ती साऱ्या घराला ऐकू येई. ‘राँग नंबर’ आला तर तो सर्वांना कळे आणि मुलीशी बोलण्यासाठी कुणी आगंतुकाने फोन केलाच, तर वडिलांचा आवाज ऐकताच तो निमूटपणे ठेवून देई. त्या यंत्राला घराचा उंबरठा होता. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले. पुढे २००३ मध्ये येणारे फोन निःशुल्क झाले आणि मोबाईल घराघरांत, मग माणसागणिक पोहोचला. या सोयीने देशाचे भले केले, यात शंका नाही. पण त्याबरोबर तो उंबरठा नाहीसा झाला.

अनोळखी फोनचे प्रकार अनेक. कर्ज, विमा आणि भूखंड विकणाऱ्यांचा उपद्रव त्यातल्या त्यात सौम्य. त्यासाठी १९०९ या क्रमांकावर नकाराची नोंद करता येते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक, तर बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ भागते. खरा प्रश्न आहे तो, ज्या फोनविषयी घरात कुणी बोलतच नाही त्याचा.

महाविद्यालयात जाणारी एखादी मुलगी घ्या. झेरॉक्सच्या दुकानात, रिचार्जच्या टपरीवर किंवा कुरिअरच्या पाकिटावर तिचा क्रमांक कुणाच्या तरी हाती लागतो. प्रथम नुसताच मिस्ड कॉल, मग रात्री साडेअकराला ‘मैत्री कराल का?’ अशी विचारणा. नकार मिळाल्यावर शिवीगाळ आणि मग नवनव्या क्रमांकांवरून पुन्हा तेच. मुलगी हे घरी सांगते का? पुष्कळदा नाही. कारण घरातला पहिला प्रश्न तिला आधीच ठाऊक असतो: ‘त्याला तुझा नंबर मिळालाच कसा?’ त्यानंतर प्रश्न येत नाहीत, निर्णय येतात. मोबाईल काढून घेतला जातो, क्लास बंद होतो, स्थळे पाहण्याची घाई सुरू होते. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला! आईवडिलांचा हेतू वाईट नसतो, काळजीपोटीच ते असे वागतात. परंतु याचा लाभ कुणाला होतो? ‘तुझ्या बाबांना सांगेन’ ही धमकी ज्या घरात मुलीला घाबरवू शकते, त्या घरात फोन करणाऱ्याच्या हाती शस्त्र घरानेच दिलेले असते.

घरातल्या ज्येष्ठांची स्थिती याहून वेगळी नाही. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत’, असे सांगून कुणी तोतया पोलीस अधिकारी त्यांना तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतो आणि बजावतो, कुणालाही सांगायचे नाही. वास्तविक ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून हे देशाला स्पष्ट सांगितले आणि थांबा, विचार करा, मग कृती करा, असा मंत्र दिला. त्याच वर्षी लुधियानाचे ज्येष्ठ उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून सात कोटी रुपयांना लुबाडण्यात आले होते. एवढा मोठा उद्योग उभारणारी व्यक्तीही या जाळ्यात अडकू शकते, तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सामान्य माणसाची काय कथा? पण ओसवाल गप्प बसले नाहीत. त्यांनी तक्रार केली आणि पोलिसांनी त्यांपैकी सव्वापाच कोटी रुपये परत मिळवले. मुले रागावतील, सुना हसतील, या भयाने जे आजोबा आयुष्याची पुंजी गेल्याचे आठवडाभर लपवतात, त्यांच्या पैशाचा माग तोवर दहा खात्यांतून पुसला गेलेला असतो.

कायदा दुबळा आहे, अशी ओरड नेहमी होते. ती अर्धीच खरी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शविल्यानंतरही तिच्याशी वारंवार संपर्क साधणे हा पाठलागाचा गुन्हा आहे. त्याला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ओळख लपवून धमकावणाऱ्यासाठी कलम ३५१ मध्ये वाढीव शिक्षा आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे; तेथे जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. पैसे गेले नसतील, पण फोन संशयास्पद वाटला असेल, तर ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सुविधेत तो नोंदवता येतो. साधने आहेत, ती वापरण्यासाठी आधी कुणीतरी तोंड उघडले पाहिजे.

फोन आला असता करायचे तेही सोपे आहे. आपले नाव प्रथम सांगू नये. वाद घालू नये, शिवीला शिवी देऊ नये, कारण समोरच्याला हवा असतो तो प्रतिसादच. नकार एकदाच, स्पष्ट शब्दांत द्यावा आणि मग मौन पाळावे. क्रमांक, दिनांक आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. संदेश संतापाने पुसून टाकू नयेत, तोच पुरावा असतो. क्रमांक अडवायचा तो नोंद झाल्यानंतर. कुणी बँकेचे किंवा पोलिसांचे नाव सांगितले तर फोन ठेवून, पासबुकावरील अथवा स्वतःला ठाऊक असलेल्या क्रमांकावर आपणच चौकशी करावी. ‘कुणालाही सांगू नका’ हे शब्द कानी पडताच समजावे की समोर चोर आहे. खरा अधिकारी बापलेकांत, पतिपत्नीत गुपित ठेवायला सांगत नाही.

एकत्र कुटुंबपद्धतीचे गोडवे आपल्याकडे पुष्कळ गायले जातात. तिची कसोटी सणासुदीच्या पंगतीत लागत नाही. घाबरलेली मुलगी रात्री आईला उठवू शकते का, फसलेले आजोबा नातवाजवळ मन मोकळे करू शकतात का, येथे ती लागते. आठवड्यातून एकदा जेवणाच्या पानावर ‘या आठवड्यात कुणाला कसले फोन आले?’ एवढेच विचारले जावे, आणि सांगणाऱ्याला उपदेश किंवा दोष मिळू नये. भजनी मंडळे, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि सोसायट्यांच्या सभांमधून हा विषय निघाला, तर एकाचा अनुभव शंभरांचे रक्षण करील.

बाहेरच्या अनोळखी हाकेला पहिल्याच वेळी ओ देऊ नये, हे जुन्या पिढीने शिकवले. घरातल्या माणसाने मारलेल्या हाकेला मात्र पहिल्याच वेळी ओ दिली पाहिजे. ती मिळत नाही असे वाटले, की माणूस बाहेरच्या हाकेमागे एकटाच चालू लागतो.