पुराआधी बोटीचे यंत्र सुरू करून पाहा

सिवनी जिल्ह्यातील मुंडाऱ्याला उगम पावलेली वैनगंगा वारासिवनी आणि बालाघाट या दोन नगरांच्या मधून वाहते, आणि उन्हाळ्यात तिच्या वाळूवरून चालणाऱ्याला हीच नदी श्रावण-भाद्रपदात गावेच्या गावे वेढू शकते यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. परंतु 2020 च्या ऑगस्टअखेरीस वरच्या अंगाची अतिवृष्टी आणि भीमगडच्या संजय सरोवर धरणातून सोडावे लागलेले पाणी एकत्र आले, तेव्हा बालाघाटपासून भंडारा-गडचिरोलीपर्यंत काठच्या वस्त्यांनी तिचे ते रूप पाहिले. अशा पुरात डोंगा हाकणाऱ्या ढिवरांचे नदीविषयीचे ज्ञान अमोल असले, तरी प्रवाहाच्या उलट दिशेने माणसे सुखरूप आणण्याचे सामर्थ्य बोटीच्या मागच्या फळीवर बसवलेल्या यंत्रातच असते. हे यंत्र वर्षातील आठ-नऊ महिने निश्चल पडून राहते, आणि त्याच्या टाकीत गतवर्षीचे पेट्रोल तसेच राहिले असेल, तर ऐन संकटात ते सुरू होईलच असे कोणत्याही अधिकाऱ्याने गृहीत धरू नये.

नॉर्वेत जन्मलेल्या ओली एव्हिन्रूड यांनी 1909 च्या सुमारास अमेरिकेत ज्याचा व्यापार आरंभला, ते आउटबोर्ड यंत्र स्वभावतः काटक आहे. त्याचा खरा घात साठवणुकीत होतो. पेट्रोलमधील हलके अंश प्रथम उडून जातात, उरलेल्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन चिकट राळ बनते, आणि कार्बुरेटरमधील सुईच्या अग्राएवढी छिद्रे तिने बुजतात. त्यातच 2023 पासून टप्प्याटप्प्याने आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. मोटारीच्या टाकीत ते चार दिवसांत जळून जाते, म्हणून तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण इथेनॉल हवेतील आर्द्रता शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीतील नळी नेमकी तळातूनच इंधन खेचते. ज्या यंत्रात पेट्रोलमध्येच वंगण मिसळावे लागते, त्याच्यावर तर दुहेरी आपत्ती येते, कारण वंगण वरच्या थरात राहते आणि यंत्राच्या पोटात जाते ते वंगणहीन पाणी.

म्हणून दीर्घकाळ पडून असलेले यंत्र हाती आल्यावर दोरीला हिसके देत बसणे हा उपाय नव्हे. तो अपायच आहे. जुने पेट्रोल संपूर्ण काढावे, मात्र नदीत वा जमिनीवर ओतू नये. रबरी नळ्या तडकल्या असल्यास त्या आणि गाळणी बदलावी. कार्बुरेटर उघडून त्याची छिद्रे योग्य द्रवाने स्वच्छ करावीत, तारेने टोकरू नयेत, कारण त्याने छिद्राचे माप बिघडते. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे काही थेंब सोडावेत आणि चक्र हाताने सावकाश फिरवून दट्ट्या मोकळा असल्याची खात्री करावी. खालच्या भागातील गियरचे तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. सर्वांत दुर्लक्षित राहतो तो थंड पाणी फिरवणाऱ्या पंपाचा रबरी पंखा. पडून राहिल्याने त्याची पाती वाकून ताठरतात, आणि यंत्र कोरडे चालवल्यास ती अल्पावधीतच नष्ट होतात. यासाठी यंत्राचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवूनच ते सुरू करावे, आणि बाजूने पाण्याची धार अखंड पडते आहे हे डोळ्यांनी पाहावे. धार पडत नसेल, तर तत्क्षणी यंत्र बंद करावे.

हे काम वारासिवनीसारख्या गावातील कोणत्याही कुशल मेकॅनिकच्या आवाक्यातले आहे. उणीव असते ती हुकुमाची आणि खर्चाच्या मंजुरीची. सरकारी मालसूचीत बोट एक, यंत्र एक, अशी नोंद असते, आणि तपासणीत तेवढी मोजणी जुळली की कर्तव्य पार पडले असे मानण्याची दफ्तरी वहिवाट आहे. या वहिवाटीला माझा स्पष्ट विरोध आहे. पूर नसताना पेट्रोल का जाळले, असा आक्षेप हिशेबतपासनीस घेईल या भीतीने यंत्र वर्षभर न चालवणारा कर्मचारी दोषी नाही; दोष त्या खर्चासाठी स्वतंत्र बाब न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. दरमहा पंधरा-वीस मिनिटे यंत्र पिंपात चालवण्यास लागणारे इंधन, आणि पुरात छपरावर बसून वाट पाहणाऱ्या कुटुंबाचे प्राण, यांची तुलना करण्याची वेळच कोणावर येऊ नये.

तेव्हा तजवीज अशी व्हावी. प्रत्येक यंत्र एका नामनिर्दिष्ट कर्मचाऱ्याच्या ताब्यात असावे. ते कोणत्या तारखेस, किती वेळ चालले आणि धार पडली की नाही, याची त्याच्या सहीनिशी नोंद व्हावी. पावसाळा संपून कोजागिरी उलटली की टाकी रिकामी करून, कार्बुरेटरमधले उरलेसुरले इंधन जाळून, यंत्र उभ्या स्थितीत ठेवावे, आणि पुढे दरमहा चालवल्यानंतरही हेच करावे. रोहिणी नक्षत्र लागताच वैनगंगाकाठच्या नागरिकांनी, ज्या ठिकाणी बोट ठेवलेली आहे तेथे जाऊन, यंत्र आपल्यासमक्ष सुरू करून दाखवण्याची लेखी मागणी करावी, आणि त्यासाठी लागणाऱ्या पेट्रोलची मंजुरी अधिकाऱ्यांनी त्याच आठवड्यात द्यावी.